आंदणातला चुना

बसा दादा, त्या बाजेवर बसा, पाणी आणते. घ्या. हे नळाचं हाय, भिऊ नका, विहिरीचं नाय दिलं तुम्हाला. विहिरीचं मी अजून कुणालाच देत नाय. का देत नाय तेच ऐकायला तुम्ही एवढं उन्हातान्हातून आलात, तर सांगते. पण एकदम विहिरीत उतरता येत नाय, आधी काठावर यावं लागतं, म्हणून मी माझ्या बापापासनं सुरू करते. कंटाळा आला तर सांगा. मी थांबायची नाय, पण सांगा.

माझं नाव सुभद्रा. माहेर फर्दापूर, लेण्या बघायला जाणारे लोक उतरतात ते. आता तिथं हाटेलं झाली, गाड्या लागतात, माझा भाऊ बी चहाचं दुकान चालवतो. तवा काय नव्हतं. माझा बा चुन्याची भट्टी लावायचा. ओढ्याकाठानं, बांधाबांधानं चुनखडी वेचायची, ती आम्ही पोरींनी पाटीत भरून आणायची, आन् बा भट्टीत एक थर लाकूड-कोळसा, एक थर खडी असं रचत जायचा. भट्टी निवली की खडा दिसायला तसाच, पण हातात घेतला तर हलका, वाळल्या गोवरीसारखा. त्यावर पाणी मारलं की असा फुसफुसायचा, तडकायचा, वाफ सोडायचा, आन् बघता बघता त्याचं पीठ. आमच्या हातापायाला कायम भेगा, केसांत पांढरी धूळ, शाळेतल्या पोरी मला म्हातारी म्हणायच्या. बा म्हणायचा, पोरी, चुना म्हणजे तापट माणूस हाय, पाणी बघितलं की उसळतो, पण एकदा निवला की दगडाला दगड धरून ठेवतो, सोडत नाय. मला ते लई आवडायचं. मी बी तापटच व्हते, अजून बी हाय, विचारा गावात कुणालाही.

माझं लग्न ठरलं इकडं, शहराच्या अंगाला, जालना रोड सोडून आत. तवा शहर एवढं पसरलं नव्हतं. सासऱ्याला वाटलं व्हतं आंदणात भांडी येतील, कपाट येईल, पलंग येईल. काय सांगू तुम्हाला, माझ्या बानं मालट्रक भरून कळीचा चुना पाठवला. गाव जमा झालं बघायला. सासू कपाळावर हात मारून म्हणली, लोकांच्या सुना सोनं आणतात, आमच्या सुनेनं धूळ आणली. पण बानं उगाच नव्हता पाठवला. लग्न ठरवायला आला तवा त्यानं बघितलं व्हतं, की सासऱ्यानं विहीर खणलीय, पाणी बी लागलंय, पण दर पावसाळ्यात कड ढासळतीय. मग तो स्वतः आला, चुना मळायची घाणी मांडली, बैल फिरवला, चुना-वाळू मळून मळून लोण्यासारखी केली आन् तळापासनं काठापर्यंत विहीर दगडात बांधून दिली. नवी नवरी मी, हळद उतरली नव्हती अंगाची, आन् डोक्यावर चुन्याचं घमेलं. सासू मला अडवायची, बा म्हणायचा, विहीणबाई, तिला वाहू द्या, तिचंच आंदण हाय.

ते पाणी काय पाणी व्हतं दादा. तुरीची डाळ बघता बघता शिजायची. बाळंतिणीला द्यायला लोक लांबून कळशी भरून न्यायचे, चुन्याची विहीर म्हणायचे तिला. सासूनं मला नंतर लई बोल लावले, मीठ जास्त झालं, पदर नीट नाय, पण धूळ आणली असं काय परत तिच्या तोंडून निघालं नाय. सासरा गेला, सासू गेली, बा गेला, आमचे हे गेले, विहिरीचा एक दगड हालला नव्हता.

आता वरचं सांगते. तो माळ दिसतो ना, त्या बाभळींच्या मागं, तिथं कारखाना आला. लोखंडाचे पाइप तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, बुडवून धुवायचे, चकचकीत करायचे, असला. गावातली पोरं लागली कामाला, आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरांच्या पँटींना तेजाबाची भोकं पडायची, त्यांच्या माया ठिगळं लावायच्या, पण चुली चालल्या. मग एक दिवस गेटला कुलूप. यंत्रं रात्रीतून गेली, पत्रे गेले, मालक गेला. कुणी म्हणतं पुण्याला, कुणी म्हणतं बाहेरच्या देशात. राहिलं काय, तर तेजाब जिरलेले खड्डे आन् भिंतीमागं लोखंडाच्या गाळाचा डोंगरासारखा ढीग. त्याची खबर ना आम्हाला, ना कुणाला. बंद पडला म्हणजे संपला, असंच वाटतं ना माणसाला.

दोन-तीन पावसाळे गेले असतील. मग एका वर्षी लई पाऊस झाला आन् नवरात्राच्या तोंडावर, त्या माळावरनं आमच्या आळीशेजारून येणाऱ्या नाल्याचं पाणी लाल आलं. लाल म्हणजे कसं, शेंदरी. दगडांवर, काठाला, मऊसूत लाल साय बसायची. आन् दादा, आम्हा बायांना ते बघून काय वाटलं सांगा. गेरू वाटला. नवरात्राआधी घर सारवायचं, उंबरा, ओटा, तुळशीचं वृंदावन गेरूनं रंगवायचं, आन् इथं दारातून गेरू वाहू राहिलाय. माझी धाकटी जाऊ कौसा, ती पहिल्यांदा बादली घेऊन पळाली. मग सगळी आळीच. मी बी आणला, मी काय वेगळी नव्हते. सगळी वृंदावनं अशी उजळली की पाहुणे विचारायचे, कुठून आणला ओ रंग. हात जरा चुरचुरले, कौसाच्या बोटांची सालं निघाली, आम्ही म्हणलं नवा गेरू हाय, लागत असेल.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न आलं आन् नवरीच मेली. एका घरातली नाय, सगळ्या आळीतली. पानं आधी पिवळी पडली, मग काटक्या राहिल्या. काय कालवा झाला म्हणून सांगू. कुणी म्हणे करणी केली, कुणी म्हणे विटाळ झाला. त्याच साली कौसाची नवी सून आली व्हती, रेखा, गंगापूरकडची. तर कौसानं सरळ तिच्यावरच घेतलं, हिच्या पायगुणानं झालं सगळं, पांढऱ्या पायाची आली. पोरगी रडून रडून अर्धी झाली. तिला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली. मी कौसाच्या दारात गेले आन् म्हणलं, कौसे, तुझ्या सुनेचे पाय तुझ्या घरात, मग माझी तुळस कशी मेली? ती माझ्या घरात आलीच नाय अजून. पुढचं मला बी माहीत नव्हतं. नुसतं एवढं कळत व्हतं की ही पोरगी नाय, दुसरंच काहीतरी हाय.

ते काय हाय ते विहिरीनं दाखवलं. मी पाणी शेंदत व्हते, उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट, तर कळशी वर येताना काठाला लागली आन् एक दगड सुटून खाली गेला. धबाक् आवाज आला. मी वाकून सांधीत बोट घातलं. दादा, लोखंडाच्या पहारीनं निघायचा नाय असा माझ्या बापाचा चुना, तो भिजल्या खडूसारखा बोटाला आला. नाल्याच्या बाजूची सगळी कड तशीच. पाणी तोंडात घेतलं तर आंबट, जिभेला चावणारं. मी तिथंच खाली बसले. रडले, खरं सांगते, बापाच्या मरणाला रडले नव्हते एवढी रडले. कारखान्याचं तेजाब, जे आम्ही गेरू म्हणून तुळशीला लावलं, तेच जमिनीखालून आलं व्हतं, आन् माझं आंदण खाऊ राहिलं व्हतं.

पण रडता रडताच डोकं चालू लागलं. आम्ही भट्टीवाले. आमच्या घरी कुणाच्या हातावर तेजाब सांडलं, कुणाला पित्त झालं, की चुन्याची निवळी. म्हणलं, हे पाणी चुना खातंय, म्हणजे त्याला भूक चुन्याची हाय. विहिरीचा खायच्या ऐवजी त्याला वाटेतच पोटभर दिला तर?

तेवढ्यात सरपंच आले. वाईट माणूस नाय ते, माझ्या मुलाच्या वर्गात व्हते, मला काकू म्हणतात. संगं कचेरीतले दोघं, आन् मागं मुरमानं भरलेला टिप्पर. म्हणले काकू, विहीर धोक्याची झालीय, एखादं लेकरू पडलं तर जिम्मेदारी कुणाची, बुजवून टाकू, नळ तर येऊच राहिलाय. टिप्परवाल्यानं मुरूम विहिरीशेजारी ओतला बी. मी जाऊन काठावर बसले, सुटलेल्या दगडाच्या जागेवर, पाय आत सोडून. सरपंच घाबरले, म्हणले काकू उठा, काय राहिलंय आता ह्या विहिरीत.

मी म्हणलं, विहीर आजारी हाय, मेली नाय. आजारी माणसाला पुरता का तुम्ही?

कचेरीतला एक जण म्हणला, बाई, हट्ट करू नका, तुम्हाला घरात पाणी मिळणार हाय. मी म्हणलं, साहेब, तुम्ही विहीर बुजवाल, पण वरचा ढीग बुजवणार हाय का? नाय ना. मग विहीर बुजली की नाला लाल राहिला काय आन् पिवळा राहिला काय, कोण विचारणार? इथं विहीर व्हती हेच उद्या कुणाला आठवायचं नाय. ही उघडी हाय तवर लोक विचारतील, हिला काय झालं. मी उठत नाय. मुरूम टाकायचा तर आधी माझ्या अंगावर टाका. ते गेले. मुरूम तिथंच राहिला. तो राहिला ते बरंच झालं, पुढं कामाला आला.

मग माझा मुलगा आला, विलास. पुंडलिकनगरात फ्लॅट हाय त्याचा, बँकेत हाय. म्हणला माय, लोक मला फोन करू राहिले, म्हातारी विहिरीवर बसलीय म्हणून, चल माझ्याकडं, तिथं काय कमी हाय. कमी काहीच नाय तिथं. सून चांगली हाय, नातवंडं गळ्यात पडतात. पण मी म्हणलं विलास, ही विहीर माझं आंदण हाय, तुझ्या बापाचं नाय, तुझं नाय, मी ती टाकून आले तर माझ्या बापाला काय तोंड दाखवू. तो चिडून गेला. काळजीनं चिडला, मला कळतं, पण मी गेले नाय.

मी फर्दापूरला गेले. भट्टी कधीच बंद पडली व्हती, पण चुनखडीचा जुना ढीग तिथंच. भावाकडून टेंपो भरून आणला आन् नाल्यात आडवा बांध घातला खडीचा. मी आन् रेखा, दोघीच. ती पोरगी न बोलावता आली, म्हणली मोठ्या आत्याबाई, माझ्या पायांनी तुळस मेली असेल तर ह्याच पायांनी मी नाल्यात उभी राहते. आन् दादा, पाणी बदललं. बांधाच्या खाली लाली फिकी झाली. मी गावात अशी हिंडायला लागले, जशी काय सरपंच मीच. पण महिनाभरात पाणी पुन्हा लालच्या लाल. खडीवर लाल कवच चढलं आन् ती मेली. लोक काय हसले. सरपंच पाराजवळ म्हणले म्हणे, काकूंनी नाल्याला चुना लावला. हसू आलं मला बी, पण घरी येऊन.

त्याच दिवसांत एक मॅडम आल्या. शहरातल्या कॉलेजात रसायन शिकवतात, आजूबाजूचे नाले तपासत हिंडत व्हत्या. मी तेव्हा नाल्यातच उभी, डोकं फिरलेलं, एक खडा उचलला आन् रागानं खडकावर आपटला. फुटला. मॅडमनी ते तुकडे उचलले आन् मला दाखवले. बाहेरून लाल, आत पांढराशुभ्र. म्हणल्या मावशी, तुमचा दगड मेलेला नाय, त्याच्यावर लोखंडाचा गंज बसलाय, त्यामुळं आतला चुना पाण्याला भेटत नाय. मग त्यांनी फोनवर फोटो दाखवले. मी म्हणलं, हा तर आमचाच नाला. तर म्हणल्या, नाय हो, हा विदर्भातला हाय, कोळशाच्या बंद खाणीखालचा. तिथं त्या शिकताना राहिल्या व्हत्या. म्हणल्या, खाण बंद पडते, माणसं निघून जातात, पण उघड्या पडलेल्या दगडातनं पाणी झिरपत राहतं आन् आंबट, लाल होऊन खालच्या गावात येतं, वर्षानुवर्षं येतं. तुमच्याकडं खाण नाय, पण तो ढीग म्हणजे खाणच समजा. मला त्या गावांतल्या बायांची आठवण आली, कधी बघितल्या नाय तरी. त्यांनी बी नेला असेल का गेरू म्हणून?

मॅडम काठीनं मातीत रेघा काढत बसल्या आन् मी शेजारी. त्यांनी सगळं नीट सांगितलं. नाल्याचं पाणी उतारावर खडीच्या पाटातून न्यायचं, पाणी पळतं राहिलं की गंज कमी बसतो. खाली मोठा खड्डा, तिथं लाली बसेल. तो गाळ काढून अस्तर घातलेल्या खड्ड्यात वेगळा ठेवायचा, कुठं फेकायचा नाय. मग शेणखत आन् खडीचा थर, त्यातून पाणी झिरपवायचं, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात ते उरलेला विषारी अंश धरून ठेवतात. शेवटी पाणकणसाचं तळं. यंत्र नको, वीज नको. मी म्हणलं, मग अडचण काय? त्या म्हणल्या, मावशी, अडचण हीच, की पाटातली खडी सारखी उलटीपालटी करावी लागते, घासावी लागते. नायतर तुमच्या बांधासारखंच होणार. अशी कामं बांधून होतात, फोटो निघतात, आन् मग खडी हलवायला कुणी येत नाय.

मी रात्रभर काय विचार केला नाय, तिथंच बसल्याबसल्या सुचलं. आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाय. बैल मोकळे, माणसं मोकळी, पारावर पत्ते खेळत बसतात. म्हणलं मॅडम, अमावस्येला इर्जिक घालू. त्यांना ठाऊक नव्हतं. इर्जिक म्हणजे, दादा, कुणाचं काम अडलं की गावानं आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन त्याच्या रानात जायचं, एका दिवसात काम उरकायचं, आन् ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. दस्तुर हाय तो, जुना. मजुरी नाय, पोटभर जेवण.

आन् इथंच सगळं अडलं बघा. दगडावर नाय, तेजाबावर नाय, जेवणावर. पारावर बैठक झाली तर पहिला सवाल, ही इर्जिक कुणाची? नाला काय कुणाच्या बापाचा नाय. काम ज्याचं तो जेवू घालणार, मग हे काम कुणाचं? एक म्हणे पंचायतीचं, पंचायत म्हणे सरकारचं, सरकार तर कुठं दिसेना, आन् ज्याचं खरं काम तो मालक कुठं तरी गार हवेत बसलेला. फुकट जेवायला कुणी तयार नाय आन् बिनजेवणाची इर्जिक करायला बी कुणी तयार नाय, इज्जतीचा प्रश्न. दोन अमावस्या अशाच गेल्या, मॅडम बिचाऱ्या बेजार झाल्या, त्यांना कळेचना की ही माणसं जेवणावरनं भांडू का राहिलीत.

मग मी उठले. म्हणलं, विहीर माझी, आंदण माझं, म्हणून ही इर्जिक सध्यापुरती माझी. भाकरी मी घालते. पण ध्यानात ठेवा, मी मालकाच्या नावानं घालते हाय, त्याच्या ऐवजी. एक दिवस तो सापडला की वसूल करीन.

लोक हसले, पण आले. पहिल्या अमावस्येला थोडे, मग वाढले. तो विहिरीशेजारचा मुरूम, बुजवायला आणलेला, तोच आम्ही पाटाच्या काठाला घातला. सरपंच बघत उभे राहिले, मग फावडं घेतलं, काय करतील. बाया शेणखत घेऊन आल्या, पोरांनी तळ्यात पाणकणीस लावलं. कौसा पहिल्यांदा नाक दाबून उभी, कारण त्या शेणखताच्या थरातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. मॅडम म्हणल्या, हा वास आला म्हणजे काम चालू हाय. तर कौसा म्हणली, मग आमच्या घरातली बरीच कामं चालू हायत म्हणायची. ती कौसाच पुढं रेखाला म्हणली, सगळ्यांच्या समोर, पाटात उभी राहून, की पोरी, माझं चुकलं. रेखानं सासूच्या हातातली पाटी घेतली. येसराची आमटी, भाकरी, ठेचा, एवढंच असतं जेवण. घरटी कुणी पीठ देतं, कुणी लाकूड, पण भाकऱ्या माझ्या चुलीवर होतात, ते मी कुणाला सोडत नाय.

तिकडं शहरात कचेरीला बी गेलो, मी, रेखा आन् मॅडम. बाटलीत लाल पाणी भरून नेलं आन् साहेबाच्या टेबलावर ठेवली. ते म्हणले बाई, बाटली उचला, डाग पडेल. मी म्हणलं, साहेब, टेबलाला डाग पडला तर तुम्हाला दुसरं मिळेल. मग म्हणले, नाल्यात परवानगीशिवाय काही करायचं नाय, नाला सरकारी हाय. मी म्हणलं, लई चांगलं झालं, मालक सापडला, अमावस्येला या, भाकरी तयार ठेवते. आले नाय. पण ढिगावर ताडपत्री टाकून गेले. ती वाऱ्यानं फाटली, आम्ही परत गेलो, परत टाकली. आता म्हणतात, ढीग उचलणार. म्हणू दे. आम्ही जातच राहणार, तिथला शिपाई आता मला बघितलं की आधी टेबलावरचे कागद बाजूला घेतो.

विहिरीची कड बांधायला मिस्त्री आणला, रहीमभाई, शहराच्या वेशीवरच्या जुन्या दगडी दरवाज्यांची डागडुजी करतात ते. त्यांनी दोरावरनं खाली उतरून तळाकडचा चुना हातोडीनं ठोकून बघितला आन् वर आल्यावर म्हणले, अम्मा, नीचे का चुना तो अब्बी बी पत्थर है, किसने लगाया था? मी म्हणलं, माझ्या बानं. त्यांनी फेट्याला हात लावला. वरचे थर नव्या चुन्यात बांधले, आन् घमेलं मी उचललं. विलास आला व्हता त्या दिवशी, ओरडला माझ्यावर, ह्या वयात घमेलं उचलू नको, आन् मग माझ्या हातातनं घेऊन स्वतःच वाहिलं, बँकेच्या कपड्यात. आता तो बी अमावस्येला येतो, जमेल तवा. पुंडलिकनगराचं नाव काढत नाय.

आता कसं हाय म्हणाल, तर तळ्यातनं जे पाणी खाली जातं ते डोळ्याला साफ दिसतं, बेडूक आलेत, मागच्या पावसाळ्यात एक बगळा येऊन उभा राहिला तर आख्खी आळी बघायला. विहिरीचं पाणी गुरं पितात, भाजीला देतो. पण माणसानं प्यायचं नाय, मॅडम म्हणतात, अजून नाय. त्या कागदाची पट्टी बुडवतात, रंग बघतात, बाटली नेऊन तपासतात, आन् मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसते. त्या मान हलवतात, मावशी, अजून थोडं. मी कधी त्यांच्याशी वाद घालत नाय. माझी कळशी बघा तिथं, चिंचेनं घासून ठेवलीय, दोर नवा आणलाय. रोज घासते.

तुळस दिसली ना दारात? ती रेखानं माहेराहून आणली, गंगापूरची माती सोबत आणून लावली. वृंदावन मी चुन्यानं पांढरं केलंय. कौसा म्हणते, आक्का, खड्ड्यातला सुका गाळ कुणी पेंटवाले नेतो म्हणत व्हते, आपण बी ओट्याला लावू थोडा, रंग काय बहारदार हाय. मी म्हणलं, कौसे, ज्याला न्यायचं त्यानं न्यावा. त्या लालीला माझ्या दारात जागा नाय.

थकले का? थकते की. गुडघे बोलतात. पाटात उभं राहायला मी मेल्यावर कोण, असं कधी कधी मनात येतं, पण मग अमावस्येला रेखा तिच्या लेकीला कडेवर घेऊन खडी उलटी करताना दिसते आन् मी म्हणते, चालतंय. जोवर तो ढीग वर हाय तोवर पाणी येणार, आन् पाणी येणार तोवर खडी हलवावी लागणार. आम्ही हलवू. ते पाणी थकेल की आम्ही, बघू या.

तुम्ही हे लिहिणार, लोक वाचणार. तर एक लिहाच. तो कारखान्याचा मालक कुठं बी असला, आन् कुणाच्या ओळखीचा असला, तर त्याला म्हणावं, फर्दापूरच्या भट्टीवाल्याची पोरगी तुझ्या नावानं इतक्या अमावस्या लोकांना जेवू घालतीय. शिव्या देणार नाय, पोलीस बोलावणार नाय. अमावस्येला ये. भाकरी गरम मिळेल, आमटी मिळेल, माझ्या हातची. पण दस्तुर असा हाय, की आधी पाटात उतरायचं, पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायची, आन् खडी घासायची. बाया सांगतील कशी घासायची ते.

तुम्ही मात्र कधी बी या दादा, तुम्हाला खडी नाय घासायला लावणार, पोराबाळांना घेऊन या. ज्या दिवशी मॅडम हो म्हणतील, त्या दिवशी पहिली कळशी मी शेंदणार. तवा या. नळाचं पाणी नाय देणार मी तुम्हाला.